शब्द मोडला पण गाव जगलं: पॅलाडिनची शक्ती काढायची का?

माळवदावरचा ड्रॅगन

राम राम मंडळी. प्रश्न डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांवर पात्रं खेळवायचा खेळ) आहे, भांडण मात्र अस्सल घरचं.

आमचा संभाजीनगरचा गट रविवारी संध्याकाळी बसतो. पाचवी आवृत्ती, २०१४ चं पुस्तक, सगळी पात्रं पाचव्या लेव्हलची, डीएम (गोष्ट चालवणारा आणि निवाडा देणारा) मी. जग आम्हीच रचलेलं. काळी माती, गढ्या, कोरड्या नद्या, डोंगराच्या पोटात दौलताबादच्या अंधारीसारखे वळणावळणाचे भुयारी रस्ते. एल्फ आहेत, पण तेही ज्वारीचीच भाकरी खातात.

तर झालं असं. मुलखात सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नाही. पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी, एका देशमुखाच्या गढीत उतरली. त्यानं जेवू घातलं, घोड्यांना कडबा टाकला आणि बदल्यात पॅलाडिनकडून (शपथ घेऊन देवाच्या शक्तीनं लढणारी योद्धा) शब्द घेतला, की तुम्ही इथं आहात तोवर गढीच्या धान्याला कुणी हात लावणार नाही. तिनं तलवारीवर हात ठेवून शब्द दिला. ओथ ऑफ डिव्होशन नावाची शपथ घेतलेली पॅलाडिन आहे, हे ध्यानात घ्या. पुढं कळलं की गावात लेकरं उपाशी निजतात आणि देशमुख भरलेली पेवं (धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे) झाकून भाव चढायची वाट बघतोय.

रात्री पॅलाडिन राखणदारापाशी गेली. 'देशमुखांनीच पाठवलंय' असं धडधडीत खोटं बोलली. पेवाच्या तोंडावरची शिळा सरकवली. शिळा हलली न हलली तोच आमचा रोग, म्हणजे चोरकामात पटाईत पात्र, दोर धरून आत! पेव उघडल्यावर आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा, हे गावाकडच्या कुठल्याही म्हाताऱ्यानं सांगितलं असतं. मी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे अंगातल्या दमाचा फासा, मागितला, डीसी १३, म्हणजे निदान तेवढे हवेत. पठ्ठ्याला ४ पडले. पॅलाडिननं त्याला ओढून वर काढलं, निळा पडलेला, हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) शून्य. तिनं छातीवर हात ठेवला: ले ऑन हँड्स, म्हणजे हात ठेवून बरं करायची शक्ती, पाच पॉइंट. मी म्हणालो, डोळे उघडले.

आणि फायटर, म्हणजे साधा लढवय्या खेळणारा आमचा गडी, उठला. 'उघडले कसे? आत्ता खोटं बोलली, दिलेला शब्द मोडला, देवानं शक्ती चालू कशी ठेवली?' खेळ तिथंच अडकला. तिच्या पानावर अलाइनमेंटच्या (नीतीच्या) रकान्यात 'लॉफुल गुड', म्हणजे नियमानं वागणारी आणि भली, लिहिलेलं आहे, त्याचं मी काय करायचं? शक्ती काढू, अर्धी काढू, का काहीच नको? आमच्या टेबलावरची मंडळीही इथं आहेत, त्यांनाही बोलू द्या.

वीस पडले

रोग मीच. कंदिलाचं कुणी आधी सांगितलं नाही बरं का. मला वाटलं पेव मंजे तळघर. बाकी चालू द्या, हसून हसून पोट दुखायलंय.

ढाल तलवार

तो फायटर मी. माझं म्हणणं नीट मांडतो, नाहीतर मीच खलनायक ठरायचो.

तिनं केलं ते चूक, असं मी म्हणतच नाही. गावाला धान्य मिळालं, उत्तम. पण दुसऱ्या एका टेबलावर माझ्या क्लेरिकनं (पुजारी पात्र) देवळाच्या दानपेटीतून औषधाला पैसे काढले, तर तिथल्या डीएमनं मोहीम संपेपर्यंत माझे स्पेल्स (मंत्र) बंद ठेवले. आधी एका शब्दानं सांगितलं नाही. पैसे काढून झाल्यावर म्हणतो, 'देव रुसला.' मी पुढचे सगळे सेशन गदा घेऊन बडवत बसलो. तेव्हापासून मला एकच कळतं, नियम असेल तर सगळ्यांना असू द्या आणि नसेल तर पानावरून तो रकाना खोडा. माणूस बघून नियम नको.

दुष्काळी एल्फ

रकाना खोडा, याला +१. पाथफाइंडरवाल्यांनी (डी अँड डीसारखाच दुसरा खेळ) खोडलाच की. २०२३ च्या जानेवारीत ओजीएलचा (डी अँड डीचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना) गोंधळ झाला, त्यानंतर त्यांनी दुसऱ्या आवृत्तीची पुस्तकं नव्यानं काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या प्लेअर कोअरमध्ये अलाइनमेंट नाहीच. त्याऐवजी एडिक्ट आणि अ‍ॅनाथेमा. आपापल्या देवाची यादी असते, हे करत जा आणि हे मरेपर्यंत करू नको. आमच्या परभणीच्या गटात हे लावल्यापासून भांडणं निम्म्यावर आली. 'लॉफुल म्हणजे काय' यावर तासभर वाद घालता येतो. 'उपाशी माणसाला दारातून परत पाठवू नकोस' यावर काय वाद घालणार?

कंधारी

ड्रॅगनभौ, अर्धा घोळ वेगवेगळ्या आवृत्त्यांचे नियम एकमेकांत मिसळल्यानं झालाय. फायटरच्या डोक्यात जुना पॅलाडिन आहे, हातात पुस्तक नवं. म्हणून थोडं मागून सांगतो, लांबेल, सोसून घ्या.

१९७४ च्या पहिल्या खेळात चांगलं-वाईट हा प्रकारच नव्हता. लॉ (नियम), न्यूट्रॅलिटी (मधलं) आणि केऑस (बेबंदपणा), संपलं. ही कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथांतून आलेली. जग दोन फौजांत वाटलेलं, तुम्ही कुठल्या बाजूचे एवढंच लिहायचं. तो स्वभावाचा दाखला नव्हता. १९७६ साली खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स यानं एका लेखात गुड आणि ईव्हल ही दुसरी रेघ आडवी मारली. १९७७ च्या बेसिक सेटमध्ये पाच घरं झाली आणि १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड प्लेअर्स हँडबुकात नऊ. आज पोरं ज्याचे मीम करतात ती हीच नऊ घरं.

त्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पॅलाडिनचा नियम दोन पायऱ्यांचा होता, आणि हे लोक विसरतात. जाणूनबुजून केऑटिक वागला तर सातव्या किंवा त्यावरच्या लेव्हलचा लॉफुल गुड क्लेरिक गाठायचा, त्याच्यापुढं कबूल व्हायचं, तो सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं, शक्ती परत. जाणूनबुजून ईव्हल वागला तर मात्र पॅलाडिनपण गेलं ते गेलं, कायमचा साधा फायटर. त्या हिशेबानं पेवाचं प्रकरण पहिल्या पायरीवर बसतं. खोटं बोलली, शब्द मोडला, पण दुष्टपणा कुठं केला? तेव्हा ढाल तलवारराव, जुना नियम लावला तरी तिचं काही कायमचं जात नाही.

जुन्या नियमात खटकणारी गोष्ट वेगळी होती. १९७९ च्या डीएम गाइडात सांगितलंय की डीएमनं प्रत्येक पात्राच्या वागण्याची नोंद ठेवावी, ती आलेखावर मांडावी, आणि पात्र घसरत घसरत दुसऱ्या घरात गेलं की एक लेव्हल कापावी. म्हणजे खेळणारा खेळतोय आणि समोरचा पडद्याआड त्याचे गुण मांडतोय. यातून जी भांडणं झाली ती अजून मिटली नाहीत.

पुढं २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलाडिन लॉफुल गुडच, मंक लॉफुलच, बार्बेरियन लॉफुल चालणारच नाही, आणि पडलेल्याला उठवायला अटोनमेंट नावाचा स्पेल. २००८ च्या चौथीनं नवाची पाच केली आणि शक्ती काढायची भानगडच ठेवली नाही. आणि तुमच्या २०१४ च्या पुस्तकात अलाइनमेंटला जवळपास दातच उरले नाहीत. डिटेक्ट ईव्हल अँड गुड हा स्पेल टाकला तर अ‍ॅबरेशन, सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड (सैतानी जीव) आणि अनडेड असले अमानवी जीवच दिसतात. देशमुखावर टाकून बघा, काही दिसणार नाही. माणूस आहे तो.

तेव्हा 'लॉफुल गुड' विसरा आणि ओथ उघडा. डिव्होशनची पाच कलमं आहेत: ऑनेस्टी, करेज, कम्पॅशन, ऑनर, ड्यूटी. पहिलं म्हणतं खोटं बोलू नको, दिलेला शब्द पाळ. तिसरं म्हणतं दुबळ्याला जप. इथं पहिलं आणि तिसरं एकमेकांच्या अंगावर आलेत. पाचव्यात आज्ञा पाळायला सांगितलंय, पण ज्याचा अधिकार न्याय्य आहे त्याचीच. लेकरं उपाशी ठेवून भाव बघणाऱ्या देशमुखाचा अधिकार न्याय्य आहे का, हा खरा वादाचा मुद्दा.

वीस पडले

कंधारीभौ, तुमच्या पोस्टला इनिशिएटिव्ह (पाळी ठरवायचा फासा) टाकावा लागतो. वाचायला माझा टर्न येईस्तोवर चहा गार.

(चांगलं लिहिलंय, मस्करी करायलोय.)

अंबाजोगाईचे गुरुजी

बाळांनो, माझा नातू हा खेळ खेळतो म्हणून मी इथं वाचत असतो. तुमची कलमं मला फार कळत नाहीत, पण हे प्रकरण ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो.

'नरो वा कुंजरो वा' म्हणण्याआधी युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. ते वाक्य तोंडातून गेलं आणि रथ खाली टेकला. पुढचं बघा. त्याचं राज्य गेलं नाही, शस्त्रं गेली नाहीत, भावांनी सोडलं नाही. जे त्याला सत्यामुळं मिळालं होतं तेवढंच गेलं. शिक्षा अपराधाच्या मापाची होती. तुमच्या त्या क्लेरिकची सगळी विद्या एका दानपेटीपायी काढून घेणं हे व्यासांनाही सुचलं नसतं.

पण तुमच्या पॅलाडिनची गोष्ट युधिष्ठिराची नाहीच. ती दामाजीपंतांची आहे. बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे कारभारी, सरकारी कोठारांच्या किल्ल्या त्यांच्या कंबरेला. दुष्काळात माणसं मरायला लागली तेव्हा त्यांनी धन्याला न विचारता कोठारं उघडली. नोकर म्हणून पाहिलं तर उघड उघड अपराध. बादशहानं धरून आणायला माणसं धाडली, हेही रीतसरच. आता गोष्टीत पुढं काय होतं? विठ्ठलानं बादशहाला वेडं केलं का? वीज पाडली का? नाही. तो विठू महाराचं रूप घेऊन बेदरच्या दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. पावती! देवानं बादशहाचं देणं नाकारलं नाही, ते स्वतः फेडलं.

मला यात दोन धनी दिसतात. ज्याच्याशी शब्द मोडला तो एक, आणि ज्याच्यासाठी मोडला तो दुसरा. तुमचा डीएम एकाच माणसाच्या तोंडून दोघांचं बोलायला बघतोय, म्हणून अडकलाय.

गोदाकाठचा बार्ड

गुरुजी, दंडवत. _/\_

आमच्याकडंही नाथांनी काशीची कावड रामेश्वरला न नेता गाढवाला पाजलीच की. पैठणला जाऊन विचारा नाथ कुठल्या घरात बसतात, लॉफुल का केऑटिक.

आता माझं नेहमीचं तुणतुणं. पेंड्रॅगन खेळा. ग्रेग स्टॅफर्डचा, १९८५ चा. राजा आर्थरचे सरदार. त्यात गुणांच्या तेरा जोड्या असतात, क्षमाशील आणि सूडबुद्धी, उदार आणि आपमतलबी, सच्चा आणि लबाड, अशा. जोडीची बेरीज कायम २०. सच्चेपणा १६ असेल तर लबाडी ४. अवघड वेळ आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकड्याइतका किंवा कमी पडला तर तसं वागायचं. गुण १६ किंवा वर असेल तर फासा टाळता येत नाही, कारण त्या गुणासाठीच तुमचं नाव झालेलं असतं.

या पॅलाडिनचा सच्चेपणा १६ असता तर राखणदारापुढं फासा पडला असता, आणि कदाचित तोंडातून खोटं निघालंच नसतं. ती तिथं तलवार टाकून म्हणाली असती, 'मी शब्द मोडायला आलेय, मला अडव.' काय सीन झाला असता!

दुष्काळी एल्फ

आणि फाशानं 'खोटं बोल' म्हटलं असतं तर? मग दोष फाशाचा. निर्णयच खेळणाऱ्याच्या हातून काढून घ्यायचा तर मग टेबलावर बसायचं कामून? मला पेंड्रॅगन वाचायला आवडतो, खेळायला नाही.

गोदाकाठचा बार्ड

निर्णय काढून घेत नाही, स्वभावाला वजन देतो. आपण सगळे स्वतःला वाटतो त्यापेक्षा जास्त सवयीनं वागतो. असो, हा वेगळा धागा होईल.

चुलत ऑर्क

थोडं अवांतर, पण सांगायचंय. अलाइनमेंटवर बोलताना सगळे पॅलाडिनवर बोलतात. मला त्या रकान्याचं दुसरं टोक खुपतं. राक्षसांच्या पुस्तकात ऑर्कपुढं 'केऑटिक ईव्हल' छापलेलं असायचं. जन्मला की वाईट. त्याचं लेकरूही वाईट, आणि मग पार्टीनं गुहेतली लेकरं मारायची का नाही यावर हसत हसत चर्चा.

आमच्या घरात आजोबांच्या तोंडून हजेरीच्या गोष्टी ऐकल्यात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, माणसांनी पोलिसांपुढं हजेरी लावायची, न सांगता गाव सोडायचं नाही. १९५२ साली तो कायदा गेला म्हणून आम्ही विमुक्त. कागदावर गेला. गावात चोरी झाली की पहिल्यांदा कुणाच्या पालावर गाडी येते ते इथल्या लोकांना सांगायला नको. तेव्हा पानावर छापलेलं 'जातीनं वाईट' मी खेळात चालवून घेत नाही. २०२० साली डी अँड डी काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टनंही जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राव (जमिनीखालचे एल्फ) यांना सरसकट वाईट दाखवणं बदलू. बरं केलं, उशिरा केलं.

माझ्या टेबलावर नियम साधा आहे. फीन्ड जन्मजात वाईट असू शकतो, तो वाईटपणाचाच बनलाय. ज्याला आई आहे, भूक आहे, त्याच्यापुढं मी अलाइनमेंट लिहीत नाही. ड्रॅगनभौ, तुमच्या देशमुखालाही लिहू नका. तो काय करतो ते दाखवा, पुरे.

कंधारी

ताई, मुद्दा पटला. जुन्या पुस्तकांचा मी भक्त असलो तरी गुहेतल्या लेकरांचा तो प्रश्न मला कधीच मजेशीर वाटला नाही.

ढाल तलवार

चुलत ऑर्क, हे मी अशा अंगानं कधी बघितलं नव्हतं. आमच्या मोहिमेत मी गॉब्लिनची वस्ती जाळायचं सुचवलं होतं आणि सगळे 'चल चल' म्हणाले होते. देशमुखाच्या पेवावरून रात्रभर भांडलो, गॉब्लिनवरून पाच मिनिटंही नाही.

तेरणाकाठ

ड्रॅगनदादा, पॅलाडिन माझी आहे हे इथं सगळ्यांना कळलंच असेल. ऑफिस सुटेपर्यंत वाट बघत होते, आता लिहिते.

तुम्ही सगळे मला सोडवायला लागलात. ड्यूटीतलं न्याय्य अधिकाराचं कलम काढून कंधारीदादांनी मला जवळपास निर्दोषच ठरवलं. मला ते नकोय. मी वकिलाची मुलगी आहे, पळवाट मलाही दिसली होती. मी ती मुद्दाम घेतली नाही. राखणदाराला 'देशमुखाचा अधिकार न्याय्य नाही' असं सांगून बाजूला सारता आलं असतं. अ‍ॅथलेटिक्सला माझा प्लस सहा आहे, त्याला उचलून बाजूला ठेवता आलं असतं. पण त्यानं आरडाओरडा केला असता, गढी जागी झाली असती, पेव बंदच राहिलं असतं. म्हणून मी खोटं बोलायचं ठरवलं. फासा उचलण्याआधी माझ्या मनात पक्कं होतं की याची किंमत पडणार.

आणि मग दादा, तुम्ही म्हणालात, 'डोळे उघडले.' तोंडावर हसू. मला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की माझं काही गेलंच नाही. मी जे पणाला लावलं होतं ते तुम्ही गुपचूप माझ्या खिशात परत टाकलंत. फायटर ओरडला त्याचा तुम्हाला राग आला, मला नाही आला. तो एकटाच माझ्या शब्दाला किंमत देत होता.

फक्त एक. त्या क्लेरिकसारखं नको. रोगच्या छातीवर हात ठेवल्यावर 'काही होत नाही, तो मेला' असं ऐकवलं असतं तर मी फासे आवरून घरी गेले असते. माझ्या खोट्याची किंमत त्यानं जिवानं का मोजायची?

वीस पडले

हेच तर मी म्हणतोय! मला कुणी विचारतच नाही.

गोदाकाठचा बार्ड

तेरणाकाठ, हे पोस्ट धाग्यातलं सगळ्यात भारी.

डीएम लोकांनी एक ध्यानात घ्यावं. खेळणारा चुकून घसरला आणि जाणूनबुजून उतरला, यातला फरक विचारल्याशिवाय कळत नाही. मी माझ्या टेबलावर सरळ थांबवून विचारतो, 'तुझ्या पात्राला माहीत आहे की हे कलमाच्या विरुद्ध आहे. करतोस?' लोक म्हणतात यानं खेळाचा ओघ तुटतो. तुटू द्या. पॅलाडिनला स्वतःची शपथ पाठ असणार, खेळणाऱ्याला नसेल. आठवण करून देणं हे डीएमचं कामच आहे. आणि सेशन झिरोलाच, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीला, शपथ मोठ्यानं वाचून घ्यावी, कलमांचा अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवावा.

अंबाजोगाईचे गुरुजी

या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. प्रायश्चित्त मागून घेणारा माणूस मी पंचायतीतही क्वचितच पाहिला.

दुष्काळी एल्फ

सगळं मान्य, तरी सांगतो, दर खेपेला खेळणारा इतका समजूतदार नसतो. आमच्याकडं एकजण 'मी केऑटिक न्यूट्रल आहे' म्हणून पार्टीचाच घोडा विकून आला होता. वर म्हणतो, पात्र तसंच आहे. असल्यांना प्रायश्चित्त, शपथ काही लागू पडत नाही. तिथं पात्राशी नाही, माणसाशी बोलावं लागतं, टेबलाबाहेर, चहा पीत. खेळाचे नियम वापरून माणसाला वठणीवर आणायला गेलात की दोन्ही बिघडतं.

कंधारी

एल्फशी शंभर टक्के सहमत. घोडा विकणाऱ्याची लेव्हल कापून काही होत नाही, तो पुढच्या खेपेला बैलगाडी विकतो.

आणि तेरणाकाठ, वकिलाच्या मुलीला कलम दाखवायला गेलो, माझंच हसं. तुमच्या म्हणण्यासारखी सोय पुस्तकात आहेच. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात पॅलाडिनच्या प्रकरणात शपथ मोडल्यावर काय, याची चौकट आहे. आपल्या धर्माच्या क्लेरिककडं किंवा त्याच पंथाच्या दुसऱ्या पॅलाडिनकडं जाऊन क्षमा मागायची, रात्रभर जागून प्रार्थना, उपास किंवा तसंच काही, मग पाटी कोरी. ज्याला पश्चात्तापच नाही त्याला डीएम दुसरा क्लास (पात्राचा पेशा) घ्यायला लावू शकतो, किंवा ओथब्रेकर, म्हणजे शपथ मोडून वाईट वाटेला लागलेला पॅलाडिन. पण अडचण दिसतेय का? तुमच्या पॅलाडिनला पश्चात्ताप आहे का?

तेरणाकाठ

खोटं बोलल्याचा आहे. पेव उघडल्याचा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा उघडेन. तुमच्या चौकटीत ही दोन वाक्यं एकत्र बसतात का, माहीत नाही.

अंबाजोगाईचे गुरुजी

दामाजीपंतांची बसली होती.

माळवदावरचा ड्रॅगन

मंडळी, सगळं दोनदा वाचलं. रविवारी काय करणार ते सांगून टाकतो, म्हणजे टेबलावर पुन्हा वाद नको.

अलाइनमेंटचा रकाना सगळ्यांच्या पानावरून खोडायचा. देशमुखाच्या, गॉब्लिनच्या, सगळ्यांच्या. त्याजागी प्रत्येकानं दोन ओळी लिहायच्या, माझं पात्र कुणाला बांधलेलं आहे आणि ते कधीही काय करणार नाही. फायटरनंही लिहायच्या, रोगनंही. रोगनं 'मी कुणालाच बांधलेला नाही' लिहिलं तर चालेल, पण मग गढीत त्याला जेवायला कोण बसवतं ते बघू.

गुरुजींचे दोन धनी मी वेगळे करतोय. देवाच्या बाजूनं रोगला वाचवलेलं कायम, तिथं हात मागं घेत नाही. त्याच रात्री पॅलाडिनला स्वप्न पडेल. देव रागावलेला नाही, तो हिशेब मागतोय. राखणदाराचं नाव तू विचारलंस का? कारण सकाळी देशमुख पेव रिकामं बघणार आणि पहिला चाबूक त्याच्याच पाठीवर पडणार. इतका वेळ आपण सगळे देशमुख आणि गावावर बोललो, त्या राखणदाराचं कुणीच काढलं नाही. खोटं त्याच्याशी बोललं गेलं होतं.

त्याला सोडवून, त्याच्यापुढं खरं कबूल करेपर्यंत पॅलाडिनची देवाकडून आलेली शक्ती बंद. तिनं स्वतः मागितलीय म्हणून बंद, आणि सेशन सुरू व्हायच्या आधी सांगून बंद. देशमुखाचं देणं हा वेगळा मामला. शब्द मोडला म्हणून तो पंचक्रोशीत डांगोरा पिटणार, पुढच्या गढीत पार्टीला पाणीही मिळणार नाही. देणं फेडायला कुणी पावती घेऊन येतं का, ते आत्ता सांगत नाही.

तेरणाकाठ, हे चालेल का? फायटरसाहेब, तुम्हाला?

तेरणाकाठ

राखणदार! अहो दादा, तो खरंच डोक्यातच आला नव्हता. चालेल. धावेल.

ढाल तलवार

चालेल. नियम आधी कळला, सगळ्यांना कळला, माझं समाधान. गॉब्लिनच्या वस्तीचंही मी काहीतरी बघतो, तो विषय माझ्यावर सोडा.

एक नियमाचा प्रश्न उरला. शक्ती बंद म्हणजे नक्की काय काय? चाबूक मारणाऱ्यांशी मारामारी होणारच आहे, मला मागं कोण उभं आहे ते कळू द्या. एक्स्ट्रा अटॅक (एका पाळीत दुसरा वार) राहतो का?

कंधारी

डिव्हाइन स्माइट गेला, स्पेल्स गेले, डिव्हाइन सेन्स गेला, चॅनल डिव्हिनिटी गेली. ले ऑन हँड्सचे उरलेले वीस पॉइंटही. एक्स्ट्रा अटॅक आणि फायटिंग स्टाइल राहू द्या. तो हाताचा सराव आहे, देवानं दिलेला नाही.

वीस पडले

मंजे मी परत पडलो तर उचलणारं कुणी नाही?

माळवदावरचा ड्रॅगन

हीलिंग पोशन पन्नास सोन्याची नाणी. दुष्काळ आहे, दीडशे पडतील. रविवारी सहा वाजता, आणि यावेळी कंदील आण.